हँडब्रेकची बाही

१

कव्हरकाकूंनी आयुष्यभर बसच्या सीटांना कव्हरं शिवली, म्हणून त्या कव्हरकाकू. त्यांचे यजमान त्याच डेपोत ड्रायव्हर. हा एकच माणूस आपल्या सीटची शिवण इतक्या लवकर कशी उसवतो, हे विचारायला काकू तावातावाने गेल्या आणि लग्न ठरवून परत आल्या, असं डेपोतली जुनी मंडळी अजून सांगतात. निवृत्त झाल्यावर दोघांनी एक जुनं मोटरहोम घेतलं. आत दोन बाक, रात्री त्यांचीच अंथरुणं व्हायची. एक शेगडी, एक घडीचं टेबल, आणि काकूंनी स्वतः शिवलेले निळे पडदे. ड्रायव्हरच्या केबिनमधून तसंच मागे वळलं की घर सुरू. गल्लीतल्या लोकांना याचं फार अप्रूप होतं.

अलीकडे मात्र काका विसरायला लागले होते. दूध गॅसवर ठेवून अंघोळीला जायचे. जेवून उठले की जेवायचं कधी म्हणून विचारायचे. एकदा तर आपल्याच घराच्या दारात उभे राहून, "कोण राहतं हो इथे?" असं त्यांनी काकूंना अगदी अदबीने विचारलं. काकूंनी हसण्यावारी नेलं आणि स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले.

पण स्टिअरिंगमागे बसले की हाच माणूस लख्ख व्हायचा. आरसे, पट्टा, गिअर, वळण, कुठे म्हणून चूक नाही. गाडीत बसले की ते काकूंना 'अगं' म्हणायचे. घरात कधीकधी 'बाई' म्हणायचे. एवढ्यासाठी काकू त्यांच्याबरोबर गाडीने कुठेही जायला तयार असायच्या.

मग एक दिवस चढावरच्या भाजीच्या दुकानासमोर गाडी उभी केली असताना ती आपणहून मागे गेली आणि भिंतीवर आदळली. मधे कोणी नव्हतं, म्हणून निभावलं. काका पुन्हापुन्हा सांगत होते, "मी हँडब्रेक ओढला होता." कोण ऐकणार? दूध विसरणारा माणूस ब्रेकही विसरणार, हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. लेक तडक येऊन थडकली.

"आई, अजून एकदा असं झालं ना, तर मी गाडी विकून टाकणार. मला बाबा पाहिजेत, गाडी नको."

गाडी गेली तर बाबाही जातील, हे तिला कसं समजवायचं ते काकूंना कळेना. त्या नुसत्याच "बरं" म्हणाल्या आणि लेक गेल्यावर शिलाई मशीनवरचा कपडा काढला.

२

काकूंचं डोकं हातात सुई आली की चालायचं. हँडब्रेकचा दांडा दोन सीटांच्या मधे होता. तो ओढला की उभा, सोडला की आडवा. पहिल्यांदा त्यांनी त्या दांड्यासाठी एक बाही शिवली. भडक लाल कापड, आत जाड फोम, खालच्या बाजूला इलॅस्टिक. लांबून नजर टाकली तरी दांडा उभा की आडवा ते कळायला हवं.

दुसरी वस्तू पट्टीची. जुन्या सीटबेल्टचा तुकडा घेऊन त्याचं एक टोक त्यांनी दांड्याला बांधलं आणि दुसरं ड्रायव्हरच्या दाराला. लांबी अशी बेतली, की दांडा आडवा असेल तर पट्टी ताणली जाऊन दार उघडायचंच नाही. ब्रेक ओढला की पट्टी सैल, मग खुशाल उतरा. काकांना त्यांनी ते करून दाखवलं तेव्हा काका म्हणाले, "मला दावणीला बांधलंस की गं!" आणि दोघंही खूप दिवसांनी खळखळून हसली.

तिसरी वस्तू म्हणजे चाकांमागे लावायच्या लाकडी पाचरी. लाकूड वखारीतून कापून आणलं, त्यावर जुन्या टायरचं रबर काकूंनी खिळ्यांनी ठोकलं, आणि दोन्ही पाचरी एका पिवळ्या दोरीने जोडल्या, म्हणजे एक लावून दुसरी विसरायला नको. गाडीच्या बाहेरच्या बाजूला सामानाचा खण होता, त्यात त्या राहायच्या.

सगळं झाल्यावर काकू गाडीत उगाचच जरा वेळ बसून राहिल्या. लाल बाही दोन सीटांमधे छान दिसत होती. आता कोणाच्या बापाची टाप नाही गाडी विकायची, असं त्यांना वाटलं.

३

चार दिवसांनी दोघं तळ्यावर गेली. तळ्याची जागा काकांची आवडती. रस्ता सोडून गाडी गवताच्या चढावर घ्यायची, तोंड वर, पाठ पाण्याकडे. मग मागे दोन घडीच्या खुर्च्या उघडून पाणी बघत बसायचं.

काकांनी गाडी उभी केली, न्यूट्रल केली आणि चावी काढली. गाडी गिअरमध्ये कधी सोडायची नाही, न्यूट्रल करून हँडब्रेक ओढायचा, हा त्यांच्या डेपोचा नियम होता आणि तो त्यांच्या हाडांत मुरला होता. फक्त त्यातला दुसरा भाग आज त्यांच्या हातून राहिला. त्यांनी पट्टा सोडला, टोपी घातली आणि दाराकडे वळले.

काकू मुद्दामच गप्प बसल्या. आता दार अडेल, पट्टी आठवण करून देईल, आपलं शिवणकाम कामी येतं का ते बघू तरी, असा त्यांचा विचार. पाचरी लावायला त्या उतरणारच होत्या, आणि तोवर काकांचा पाय ब्रेकच्या पेडलवर होता.

काकांनी पाय काढला. दार उघडलं. ते खाली उतरले.

पट्टी सैल लोंबत होती. लाल बाही उभी होती.

काकू बघतच राहिल्या. त्यांची नजर काकांच्या टोपीवर गेली होती, तेवढ्यात ओढला असेल. तसंच असणार. पण त्या टोपीकडे बघत असताना एक आवाज झाला होता, हेही खरं. कट्, कट्, कट्. दांड्याच्या दातऱ्यांचा. काका ब्रेक ओढायचे तो खर्रकन, एका दमात. हा आवाज सावकाश होता. घरात कोणी झोपलेलं असताना आपण कडी लावतो, तसा.

"अहो, ब्रेक तुम्ही ओढलात का?"

"लागलाय ना?" काकांनी खिडकीतून डोकावून बघितलं. "मग झालं तर."

"पण ओढला कोणी?"

"अगं, लागतो तो," काका खुर्च्या काढत म्हणाले. "आताशा मी विसरलो तरी लागतो."

४

घरी आल्यावर काकूंनी बाही धुवायला काढली, तेव्हा त्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

फोम दबला होता. वापराने दबतो तसा सगळीकडून नाही; एका बाजूला ओळीने चार खळगे आणि दुसऱ्या बाजूला एक, जरा रुंद. काकूंना सीट बघून ड्रायव्हर कसा बसतो ते कळायचं. कोण एका कुशीवर कलतो, कोण पाकीट मागच्या खिशात ठेवतो, सगळं. कापड खोटं बोलत नाही, यावर त्यांनी आयुष्य काढलं होतं. आणि हे कापड सांगत होतं, की दांडा कोणीतरी मुठीत धरला होता. नुसता ओढून सोडला नव्हता, फार वेळ धरून ठेवला होता. काकूंनी स्वतः जोर लावून मूठ आवळून बघितली. सोडल्यावर फोम लगेच फुलून वर आला.

फोम निकृष्ट निघाला, त्या स्वतःला म्हणाल्या. दुकानदाराने जुना माल गळ्यात मारला.

तरीही बाही घेऊन त्या गाडीत गेल्या. दांड्यावर चढवली, ड्रायव्हरच्या सीटवर बसून हात ठेवला. बोटं खळग्यांत बसेनात. शेजारच्या सीटवरून ठेवला. अंगठा उलट्या बाजूला यायला लागला. मग, हे आपण का करतोय असं म्हणत म्हणतच, त्या दोन सीटांच्या मागे जमिनीवर गुडघे मोडून बसल्या आणि मागून हात पुढे घातला.

पाचही बोटं जिथल्या तिथे बसली.

काकूंनी हात झटकन काढून घेतला. उठताना त्यांचं लक्ष खाली गेलं. त्या जागेच्या सतरंजीची वीण दोन ठिकाणी दबून गुळगुळीत झाली होती, बरोबर गुडघ्यांखाली. बाकी सतरंजी नवी होती. त्यांनीच ती गेल्या महिन्यात कडा शिवून अंथरली होती.

५

घाबरलेल्या काकू आणखी जोमाने शिवतात, हे त्यांच्या लेकीने लहानपणापासून पाहिलं होतं. काकूंनी मनाशी ठरवलं, की कोणीतरी उपद्व्यापी माणूस गाडीत शिरत असणार. चोर म्हणावा तर काही नेत नव्हता. वेडा म्हणावा तर दाराचं कुलूप शाबूत होतं. असू दे. कोणीही असो, त्याचा हात दांड्याला लागता कामा नये.

त्यांनी लोखंडी पाइपचा, मधोमध उभा चिरलेला तुकडा आणला, त्यावर ताडपत्री चढवली आणि ते जाडजूड कवच लाल बाहीवरून दांड्यावर बसवलं. दांडा उभा ओढून ठेवला, आणि कवचाच्या दोन्ही कडा मेणाच्या दोऱ्याने बुटाच्या लेससारख्या ओवून घट्ट आवळल्या. शेवटी आपली ठेवणीतली गाठ मारली. ती गाठ डेपोत दुसऱ्या कोणालाही सुटायची नाही.

"हे काय काढलंस आता?" काकांनी दारातून विचारलं.

"कुलूप म्हणा हवं तर."

काकांनी आत वाकून कवचावरून हात फिरवला. मग म्हणाले, "त्याला धरता येणार नाही असं."

"कोणाला?"

काका गोंधळले. काय म्हणत होतो ते त्यांना आठवेना. "चहा झाला का, बाई?" त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी घरासमोर होती तिथून मागे सरकलेली होती. गल्ली जवळजवळ सपाट, उतार म्हणायचा तर नावाला. तरी मागच्या चाकाखाली शेजारणीची कुंडी चिरडली होती. काकू धावत आत गेल्या. कवच तसंच, गाठ तशीच, दांडा उभाच्या उभा. त्यांनी आधी पाचरी लावल्या आणि मग मिस्त्रीला बोलावणं धाडलं.

मिस्त्री गाडीखाली शिरला, थोड्या वेळाने पाठीवर सरकत बाहेर आला आणि उठून हात पुसायला लागला.

"काकू, हँडब्रेकची केबल तुटलीय."

"काल तुटली?"

"काल कुठली? टोकांना गंज चढलाय. जमाना झाला असेल तुटून. दांडा राहतो वर, दातऱ्या चांगल्या आहेत. पण त्याला पुढे काही जोडलेलंच नाही. नुसता दिखावा."

"अरे, पण आम्ही चढावर लावतो की गाडी! तासन्‌तास!"

"काका गिअरमध्ये ठेवत असतील."

पायरीवर बसलेले काका ताडकन म्हणाले, "गिअरमध्ये? गाडी गिअरमध्ये सोडणारा ड्रायव्हर नव्हे."

मिस्त्री हसला. "मग काय, तुमची पुण्याई! नवी केबल मागवतो, यायला आठवडा लागेल. तोवर गाडी हलवू नका, पाचरी काढू नका."

तो गेला. काकू गल्लीत उभ्या राहिल्या. दांड्याला पुढे काहीच जोडलेलं नाही आणि तरी गाडी चढावर थांबायची. त्या भाजीच्या दुकानासमोर काकांनी खरंच ब्रेक ओढला होता आणि तरी गाडी सुटली. धरणारा कधीतरी दमतोच, असं काहीतरी त्यांच्या मनात आलं, आणि पुढचं येऊ नये म्हणून त्या कुंडीची माती भरायला बसल्या.

६

दोन दिवसांनी दुपारी काकूंना इंजिनाचा आवाज ऐकू आला. त्या मशीनवरून उठून धावत आल्या, तर पाचरी नीट काढून खणात ठेवलेल्या, आरसे पुसलेले, आणि काका स्टिअरिंगवर.

"चल गं, तळ्यावर जाऊ."

"अहो, ब्रेक तुटलाय! उतरा आधी."

"अगं, चल ना," काका म्हणाले. "आज मला सगळं आठवतंय. तू भांडायला आली होतीस तेव्हा कुठली साडी नेसली होतीस, तेसुद्धा आठवतंय. सांगू?"

आणि त्यांनी सांगितली. रंग, काठ आणि पदराला लागलेला खडूचा डागसुद्धा.

काकू चढून बसल्या. पाचरी आहेत ना खणात, आपण स्वतः लावू, त्या मनात म्हणाल्या. एक दुपार. परत कधी मिळेल कोण जाणे.

वाटभर काका बोलत होते. काकू हसत होत्या, मधूनमधून डोळे टिपत होत्या. तळ्यावर चिटपाखरू नव्हतं. काकांनी गाडी नेहमीसारखी चढावर घेतली.

"पाय ब्रेकवरच ठेवा हं. मी पाचरी लावून येते. आणि गाडी गिअरमध्ये टाका."

"हो, हो."

काकू पट्टा सोडत होत्या, तेवढ्यात काकांनी गाडी न्यूट्रल केली, चावी काढली आणि टोपी घालून उतरले. दांडा कवचात तसाच उभा असल्यामुळे काकूंच्या पट्टीने त्यांना अजिबात अडवलं नाही. गाडीने आधी एक सुस्कारा टाकला आणि मग मागे जायला लागली.

काकू कशा उठल्या, दोन सीटांच्या मधून मागे कशा गेल्या, ते त्यांना सांगता आलं नसतं. दांडा हाती यायला हवा एवढंच त्यांना कळत होतं. गुडघ्यांवर आदळत त्यांनी शिवताना गळ्यात अडकवलेल्या कात्रीने मेणाचा दोरा कचाकच कापला. गाठ कापली, कडा उचकटल्या, कवच खाली पडलं. आत लाल बाही. काकूंनी ती मुठीत धरली आणि जीव खाऊन ओढली.

गाडी थांबली.

थांबायला नको होती. या दांड्याला पुढे काही नाही, हे त्यांना माहीत होतं. पण आता मुठीत सगळ्या गाडीचं वजन होतं, भरलेल्या घागरीसारखं. आणि त्यांच्या हातावर आणखी एक हात होता.

काकूंनी बघितलं नाही. मान खाली घातली, डोळे गच्च मिटले. हात कोरडा होता, थकलेला होता. गरम चहाचा कप दुसऱ्याच्या हातात देताना त्याने नीट धरलाय ना याची खात्री करून घ्यावी, तसा तो जरा थांबला. मग त्याने एकेक बोट सैल केलं आणि तो निघून गेला.

७

डोळे उघडले तेव्हा केबिन रिकामी होती. काकू सतरंजीवर, त्या दोन गुळगुळीत डागांवर गुडघे टेकून बसल्या होत्या. बोटं खळग्यांत होती.

मूठ जराशी सैल केली की गाडी हलायची. उठायला गेलं की पकड बदलायची, आणि पकड बदलली की हलायची. गिअरचा दांडा त्यांनी दुसऱ्या हाताने ढकलून बघितला. तो नुसताच करकरला. हात पुढे ताणला तर हॉर्नपर्यंत पोचत होता, ब्रेकच्या पेडलपर्यंत नाही. फोन मागच्या बाकावर पिशवीत होता.

मान वळवली की गाडीतलं सगळं घर दिसायचं, निळे पडदे, टेबल, आणि त्यापलीकडे मागची काच. काचेत उतार आणि पाणी होतं. काका उतारावर, गाडीच्या बरोबर मागे, खुर्च्या उघडत होते.

"अहो!" काकू ओरडल्या. "पाचरी! खणातल्या पाचरी लावा चाकांना!"

काकांनी ऐकलं. मान डोलावली, वर आले. खण उघडल्याचा आवाज झाला. काकूंचा जीव भांड्यात पडला. पावलं चाकापाशी आली, थांबली. मग पुढे गेली. काचेत काका पुन्हा दिसले. हातात पिवळी दोरी आणि दोन्ही पाचरी होत्या. त्यांनी त्या खुर्चीपुढे गवतावर ठेवल्या, खुर्चीत बसले आणि त्यांच्यावर पाय ठेवले. पाय ठेवायला उंची अगदी बरोबर होती.

"अहो, चाकांना! उठा तिथून! बाजूला व्हा!"

काका पाण्याकडे बघत होते.

काकूंनी हात ताणून हॉर्न दाबला. तो मोठ्याने वाजला. काकांनी वळून बघितलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. डेपोत मागे येणाऱ्या गाडीला वाट दाखवताना करायचे, तसा त्यांनी बसल्या बसल्या हात वर केला आणि बोटांनी बोलावलं.

"येऊ दे!" ते आनंदाने ओरडले. "येऊ दे, येऊ दे... भरपूर जागा आहे मागे, येऊ दे!"

काकूंनी हॉर्नवरचा हात काढला. त्यांचं मनगट आत्ताच दुखायला लागलं होतं.

तेव्हा त्यांचं लक्ष दुसऱ्या खुर्चीकडे गेलं. त्यांच्या स्वतःच्या खुर्चीकडे. तिच्यात कोणीतरी पाठमोरं बसलं होतं, पाय लांब करून, फार दिवसांनी बसायला मिळाल्यासारखं. एका हाताने ते दुसऱ्या हाताचं मनगट चोळत होतं. सावकाश, अजिबात घाई नसलेलं.

काका त्याच्याकडे वळून काहीतरी बोलले आणि हसले. साडीचंच सांगत असावेत.

काकूंनी दुसरा हातही दांड्यावर ठेवला.